‘एकच प्याला’ आणि त्यापुढील पुस्तके

मद्यपानाच्या अनर्थावर मराठीत जे वाङ्मय झाले त्याचा मागोवा घेऊ लागले असता आपल्या पलूसपासून फार दूर जावे लागत नाही. कृष्णाकाठचे नागठाणे हे आपल्याच तालुक्यातील गाव. नारायणराव राजहंस उपाख्य बालगंधर्व यांचे हे मूळ गाव. आणि ‘एकच प्याला’तील सिंधू महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी केली ती त्यांनीच.

तत्पूर्वी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘मूकनायक’ नाटकात हा विषय हाताळला होता. परंतु तो घरोघर पोचविला त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले आणि महिना लोटण्याच्या आत, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. कर्त्याला आपली कृती रंगभूमीवर पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

कथा सर्वांस ठाऊकच आहे. सुधाकर हा बुद्धिमान परंतु मानी वकील. मानभंगाच्या घटकेस तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो आणि पुढे घर, मूल, पत्नी व अखेर तो स्वतः, या क्रमाने सर्वनाश ओढवतो. भरजरी शालूत शोभणारे बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळे लावलेले लुगडे नेसून दळावयास बसत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा भाग वर्गात वाचून दाखविताना माझा कंठ दाटून आला नाही असे क्वचितच घडले.

दारूविरुद्धची चळवळही आपल्या भागास नवी नव्हती. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने दारूबंदी हा आपल्या कार्यक्रमाचा भाग केला होता, आणि आपले कुंडल हे त्या प्रतिसरकारचे एक प्रमुख ठाणे होते. पुढे १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. कायद्याने पेला लपला, सुटला नाही, असो.

मात्र एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. गडकऱ्यांच्या नाटकात परतीची वाट नाही. सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो, कामधंद्याच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तेथे त्याची अवहेलना होते आणि निश्चय ढासळतो. शोकांतिकेस हे आवश्यकच होते. पण आम्हा शिक्षकांनी त्या शोकांतिकेचा औषध म्हणून उपयोग केला.

माझा एक मावसभाऊ उत्तम फिटर होता. १९९० च्या सुमारास त्याचे पिणे हाताबाहेर गेले, तेव्हा वडीलकीच्या नात्याने मी त्याला समोर बसवून सुधाकराचे उदाहरण दिले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “दादा, सुधाकर तर मेला. मी अजून जिता हाय. मी काय वाचू ते सांगा की.” मजजवळ उत्तर नव्हते. मी त्यालाच उद्धट ठरविले.

उत्तर त्या वेळी अस्तित्वात होते, ही गोष्ट आजही मनाला टोचते. अनिल अवचट यांनी ब्राऊन शुगरच्या व्यसनावर लेख लिहिले. तेच पुढे ‘गर्द’ या पुस्तकात आले. ते लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते १९९७ मध्ये आपल्या निधनापर्यंत वाढविले. तेथे दारुड्यास पापी न म्हणता आजारी म्हणतात, पस्तीस दिवस ठेवून घेतात, घरच्या माणसांनाही समजावून सांगतात. आणि बरे झालेले रुग्णच नव्यांना धीर देण्याचे काम करतात. ही सारी हकीकत अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात साध्या भाषेत सांगितली आहे. सुधाकर जेथे कोसळला तेथून पुढची ही वाट होय.

सातासमुद्रापलीकडे हे आधीच घडले होते. अमेरिकेत अॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ हे दोघे मद्यासक्त एकमेकांच्या आधाराने सावरले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. १९३९ साली त्याच नावाचे पुस्तक निघाले. त्यात सुटकेच्या बारा पायऱ्या आहेत, आणि ज्यांनी दारू सोडली त्यांच्या स्वमुखे सांगितलेल्या कहाण्या आहेत. मात्र नावे गुप्त. त्या गुप्ततेमुळेच माणसे बोलती झाली.

माझा मावसभाऊ १९९३ साली गेला. यकृत निकामी झाले होते. आपल्या स्मरणिकेसाठी त्याच्या श्रद्धांजलीचा मजकूर मीच लिहून दिला आणि त्यात ‘अल्पशा आजाराने’ असे शब्द घातले. जुने अंक चाळताना ते दोन शब्द इतरही काही तरुणांच्या नावापुढे दिसतात. ते कोणी व का लिहिले असतील, हे मी विचारीत नाही.

संस्थेच्या वाचनालयात ‘एकच प्याला’च्या दोन प्रती आहेत. गेल्या दिवाळीत त्यांच्या शेजारी मी ‘मुक्तांगणची गोष्ट’ ठेवली असून, हे पुस्तक घरी नेताना नोंदवहीत नाव लिहावे लागणार नाही, असे ग्रंथपालांशी बोलून ठरविले आहे.