"माल कुठी हाय?" : कापसाच्या सट्ट्यापासून मोबाइलवरच्या सीएफडीपर्यंत

आजचा एपिसोड मला ४७ हजार रुपयांना पडलाय, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

गोष्ट दिवाळीतली. मी पुण्याहून गावी आलो होतो. गाव मालेगाव तालुक्यात. नाशिकचं नाही हो, आमचं वाशिमचं मालेगाव. घरात सोयाबीनची पोती रचलेली, कारण भाव वाढेल म्हणून बाबांनी विकलं नव्हतं. मी ओट्यावर बसून मोबाइलवर चार्ट बघत होतो. बाबांनी विचारलं, काय करून राहिला? म्हटलं, सोनं घेतलंय.

"कुठी हाय सोनं?"

"सोनं नसतं बाबा. भावात जो फरक पडतो, तेवढाच द्यायचा-घ्यायचा."

"अन् ज्याच्यापासून घेतलं, त्याच्याजवळ तरी हाय का?"

"नाही."

"मंग हे तं सट्टापट्टीच झाली ना बाप्पा!"

मला राग आला. मी बीटेक झालेला माणूस, पायथनमध्ये पाच वर्षांचा डेटा तपासून नियम बसवलेले, आणि हे सट्टापट्टी म्हणतायत. चार दिवसांनी संध्याकाळी अमेरिकेतला एक आकडा जाहीर झाला, भाव उलटा फिरला आणि मी चहा घेऊन परत येईपर्यंत ॲपनं माझा सौदा आपोआप बंद केला होता. नंतर मी वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं की बाबांनी जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न कोर्ट शंभरेक वर्षांपासून विचारतंय.

आधी ही सीएफडी भानगड काय ते सांगतो. पूर्ण नाव कॉन्ट्रॅक्ट फॉर डिफरन्स, म्हणजे फरकाचा करार. सोनं, तेल, डॉलर, कशाचाही भाव धरा. तुम्ही सौदा उघडला तेव्हाचा भाव आणि बंद केला तेव्हाचा भाव, यातला फरक एकानं दुसऱ्याला द्यायचा. वस्तू हलत नाही. आणि पूर्ण पैसेही लागत नाहीत, इथंच खरी मेख आहे. २० हजार रुपये भरा, १०० पट लिव्हरेज घ्या, म्हणजे २० लाखांचा सौदा. भाव १ टक्का तुमच्या बाजूनं गेला की पैसे दुप्पट. १ टक्का विरुद्ध गेला की खातं साफ. सोन्यासाठी १ टक्का म्हणजे काही विशेष नाही, एका दिवसात होतं.

आता चला १८६१ मध्ये. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली. आमचा वाशिम तेव्हा इंग्रजांच्या कागदांत 'बासिम', वऱ्हाडाचा भाग. नागपूरपर्यंतची रेल्वे व्हायला १८६७ साल उजाडलं, त्यामुळे या तेजीच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस बैलगाड्यांवरच निघायचा. कारंज्याचा कापूस नेणारी शकुंतला रेल्वे तर फार नंतरची, विसाव्या शतकातली.

मुंबईत पैशाचा पूर आला. युद्धाच्या काळात कापसानं मुंबईला नेहमीपेक्षा ८ कोटी पौंड जास्त मिळवून दिले, असा अंदाज त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी दिलाय. एवढा पैसा ठेवायचा कुठं? मग कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या. सगळ्यात गाजली बॅकबे रेक्लमेशन, समुद्र बुजवून जमीन काढणारी. ५ हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५० हजारांच्या आसपास गेला. प्रेमचंद रायचंद हे या सगळ्याच्या मध्यभागी होते. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

पण मला अडकवून ठेवलं ते 'टाइम बार्गेन' नावाच्या प्रकारानं. शेअर आज घ्यायचा, पैसे आज द्यायचे नाहीत. व्यवहार पुढच्या एका तारखेला पुरा करायचा. तोपर्यंत भाव चढला तर वरचा फरक तुमचा. ज्यांच्याकडे एक शेअर घ्यायचीही ऐपत नव्हती, त्यांनी असे करार केले. यातल्या बऱ्याच करारांची तारीख होती १ जुलै १८६५.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीनं शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला, मागोमाग शेअर. १ जुलै आला तेव्हा फरक द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. अ ला ब कडून येणं, ब ला क कडून, आणि क चं दिवाळं. शेअर तारण ठेवून कर्ज वाटणारी बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. दिवाळखोरांची संख्या इतकी, की सरकारला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्याच १८६५ साली मुंबई इलाख्यात पैजांविरुद्धचा कायदाही कडक झाला. पैजेचे पैसे तर कोर्टातून वसूल होणार नाहीतच, पण पैजेसाठी केलेल्या जोडकरारांवरही दावा चालणार नाही. पुढे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ३० आलं, पैजेचा करार रद्दबातल. मग प्रश्न उरला, व्यापार कुठला आणि पैज कुठली? १९०१ मध्ये रंगूनच्या तांदळाच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं बघितलं ते हेच, की दोन्ही बाजूंचा माल द्यायचा-घ्यायचा इरादा मुळात होता का. नव्हता, म्हणून ती पैज ठरली. वऱ्हाडीत सांगायचं तर, माल कुठी हाय?

यातली सगळ्यात भन्नाट पायरी मटक्याची. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते-बंद होते भाव मुंबईत तारेनं यायचे, आणि लोक त्यातल्या आकड्यांवर पैसे लावायचे. ते भाव येणं थांबल्यावर, १९६० च्या दशकात, चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला सुरुवात झाली. कापूस गेला, भाव गेला, फक्त आकडा राहिला. धंदा कमी झाला नाही.

मग वायदेबाजार सगळाच जुगार का? नाही. ज्याच्या घरात माल आहे, त्याला पुढचा भाव आज पक्का करून घेता आला तर ती सोय आहे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांपर्यंत गेलं होतं, आणि नवीन माल येईपर्यंत घसरलं. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदे बंद केले, नंतर मुदत वाढतच गेली. माझ्या मते हे उलटं झालं. माल असलेल्याचं दार बंद, आणि माल नसलेल्या माझ्यासारख्याच्या मोबाइलवर जाहिराती चालूच.

निफ्टीच्या वायद्यातही वस्तू हलत नाही, हे मला मान्य. पण तिथं मध्ये एक्स्चेंज असतं, क्लिअरिंग असतं, सेबी असते. त्यासाठी कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं. तरीही सेबीनं २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांचं नुकसान झालं. सीएफडीत तर समोर एक्स्चेंजच नाही, ब्रोकर असतो. अनेकदा तोच तुमच्या विरुद्ध बाजूला असतो, म्हणजे तुमचा तोटा हा त्याचा नफा. नव्वदच्या दशकात लंडनमध्ये मोठ्या संस्थांना शेअरवरची स्टँप ड्युटी वाचवायला हा प्रकार निघाला. युरोपच्या नियामकानं २०१८ मध्ये तपासलं तेव्हा ७४ ते ८९ टक्के सामान्य खाती तोट्यात निघाली. अमेरिकेत तर सामान्य ग्राहकाला हे विकताच येत नाही.

आणि आपल्याकडे? परदेशी ॲपवर चलनाचे सौदे करणं फेमा कायद्यात बसत नाही, तिकडे मार्जिनचे पैसे पाठवणंही नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ नावांची सावधानतेची यादी काढली, नंतर वाढवली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असं समजू नका, हेही तिनंच सांगितलंय. मी यादी बघितली होती. नाव नव्हतं, म्हणून खुश झालो होतो.

माझ्या खात्यात अजून ११ डॉलर दिसतात. काढायला गेलं की ॲप म्हणतं, किमान ५० हवेत. आणखी भरा, मग काढा.

बाबांनी सोयाबीन जानेवारीत विकलं. भाव काही वाढला नव्हता. पट्टी मला दाखवली, त्यावर वजन होतं, दर होता, हमाली कापलेली होती. मी माझ्या ४७ हजारांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. हा एपिसोड त्यांच्या व्हॉट्सॲपवर कुणी पाठवला, तर कळेलच.