मधुमेहाची गोळी आणि तोंडातला पांढरा चट्टा

मंडळी, औषधांचा इतिहास सरळ रेषेत जातो असं पाठ्यपुस्तकं वाचून वाटतं. आज आपण मेटफॉर्मिनकडे पाहू. या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या डब्यात ती गोळी असेल, आमच्याही आहे.

मूळ आहे युरोपातली गालेगा नावाची वनस्पती. तिच्यात ग्वानिडिन वर्गातली द्रव्यं असतात, ती साखर उतरवतात. १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन तयार केलं, पण तेव्हा जग इन्सुलिनच्या आनंदात होतं. पुढे फिलिपाइन्समध्ये युसेबियो गार्सिया तेच द्रव्य फ्लूसाठी देत होते! १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरलं. अमेरिकेत परवानगी मात्र १९९४ ची. त्याच कुळातलं फेनफॉर्मिन रक्तातलं लॅक्टिक आम्ल घातक पातळीवर नेतं म्हणून मागे घ्यावं लागलं होतं, त्याचा डाग हिलाही लागला.

मग २००५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीतून बातमी आली: मधुमेह्यांपैकी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो. इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. दीर्घकाळ गोळी घेतली म्हणायला माणूस आधी तितका काळ जगलेला असावा लागतो, आणि तेवढ्यानेच औषध गुणी वाटू लागतं. या हिशेबाच्या चुकीवर २०१२ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी बोट ठेवलं. स्तनाच्या कर्करोगावरची साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी २०२२ मध्ये जाहीर झाली; फायदा दिसला नाही.

तरीही तोंडाचं प्रकरण निराळं आहे. सिल्व्हियो गुटकिंड यांच्या प्रयोगशाळेत, २०१२ मध्येच, उंदरांच्या तोंडातल्या पूर्वकर्करोगी चट्ट्यांचं कर्करोगात होणारं रूपांतर मेटफॉर्मिनने कमी झालं. पेशींच्या वाढीचं एमटॉर नावाचं बटण त्याने मंदावतं. २०२१ मध्ये मधुमेह नसलेल्या माणसांवरचे निष्कर्ष आले. काहींचे चट्टे सुधारले, सूक्ष्मदर्शकाखाली तर अधिक जणांचे. पण चाचणी छोटी, काही महिन्यांची, तुलनेला दुसरा गट नाही. चट्टा सुधारणं म्हणजे कर्करोग टळणं असं धरायला वर्षं जावी लागतात.

आता कुलाब्याला येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत संशोधन विभागाने, फली मेहता आणि पी. सी. गुप्ता यांनी, एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर जिल्ह्यांत ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांचा पाठपुरावा केला. सहकारी होते डेन्मार्कचे पिंडबोर्ग. गोळी नव्हती. घरोघरी जाऊन तोंड तपासायचं, तंबाखू सोडायला सांगायचं, पुन्हा पुन्हा सांगायचं. १९८६ च्या लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. ज्यांनी सोडली वा कमी केली, त्यांच्यात पांढरे चट्टे कमी उद्भवले. तिथे निदान तुलनेला दुसरा गट होता.

मघाशी एका श्रोत्याने चिठ्ठी दिली: गुटखा चालू आहे, साखर नाही, ही गोळी सुरू करू का? नाही. आधी गुटखा थांबवा, आणि या आठवड्यात दंतवैद्याला तोंड दाखवा.