वाळूपिसूची कुळकथा

वाळूपिसू जेमतेम एक मिलिमीटर लांबीची. तिची मादी अनवाणी पायात, बहुधा नखाच्या कडेला किंवा टाचेत, शिरते आणि आठ-दहा दिवसांत वाटाण्याएवढी फुगते. बाहेरून पांढरट फोड दिसतो, मधोमध काळा ठिपका. त्या ठिपक्यातून ती अंडी बाहेर टाकते आणि चार ते सहा आठवड्यांत कातडीतच मरते. अंडी आणि अळ्या वाढतात त्या मात्र कोरड्या मातीत. या पिसूला पायाइतकीच मातीही लागते आणि तिच्या प्रवासाचे कोडे इथेच सुटते.

तिचे मूळ घर दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो याने १५२६ मध्ये तिचे वर्णन केले, लिनियसने १७५८ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले.

आफ्रिकेत ती कशी पोचली, यावर दोन मते आहेत. एक मत गुलामांच्या व्यापाराकडे बोट दाखवते. दुसरे मत एकाच जहाजाचे नाव घेते: ‘थॉमस मिचेल’. रिओ द जानेरोहून निघालेले हे जहाज १८७२ मध्ये अंगोलातील अंब्रिझ बंदरात आले. तळाशी भार म्हणून भरलेली ब्राझीलची वाळू तिथे उतरवली गेली. दुसरे मत अधिक पटते. शिडाच्या जहाजाला ब्राझीलहून अंगोला गाठायला महिन्याहून अधिक काळ लागे. तेवढ्यात पायातली मादी मरायला टेके आणि तिची अंडी फळीवर पडून वाया जात. वाळूच्या ढिगात मात्र पुढची पिढी तयार होऊ शकते. गुलामांची जहाजे तीनशे वर्षे ये-जा करत असूनही पिसूची खंडभर घोडदौड सुरू झाली ती १८७२ नंतरच. १८९८ पर्यंत ती झांजीबारला पोचली होती.

पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, ती मुंबई आणि कराचीत आढळल्याचे सांगितले जाते. आणणारे कोण?  युगांडातील सुदानी सैनिकांचे १८९७ चे बंड मोडायला गेलेली हिंदुस्थानी फलटण म्हणावी, तर सैनिकांच्या पायात बहुधा बूट. उरतात युगांडा रेल्वेचे मजूर. १८९६ पासून सुमारे ३२ हजार हिंदुस्थानी मजूर या कामावर नेले गेले. त्यांतले बहुतेक पंजाबचे, कराची बंदरातून गेलेले. करार तीन वर्षांचा, म्हणजे पहिली तुकडी परतण्याचे साल नेमके १८९९. आगबोटीने मोंबासा ते हिंदुस्थान हे अंतर दोन आठवड्यांत तुटे, त्यामुळे पायातली मादी जिवंत उतरू शकत होती. पहिला समुद्र पिसूने वाळूतून ओलांडला, दुसरा मजुरांच्या पायांतून. हा तर्कच आहे, पण साल, बंदर आणि पाय या तिन्ही गोष्टी त्यात जुळतात.

मग ती आफ्रिकेसारखी इथे सर्वत्र का पसरली नाही? ब्राझीलमध्ये तिचा जोर कोरड्या ऋतूत असतो. मुंबईकडे तरी कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसाने तिची माती भिजवून तिला रोखले असावे. तरीही ती संपली नाही: महाराष्ट्रातील एका रुग्णाची नोंद १९८५ मध्ये मुंबईच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली.

या दृष्टीने बीड जिल्ह्याचा विचार महत्त्वाचा ठरतो. जिल्हा पर्जन्यछायेतला. इथले लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर बाहेर पडतात आणि ऐन कोरड्या महिन्यांत उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, मातीच्या जमिनीवर, जनावरांशेजारी राहतात. लहान मुले तिथेच अनवाणी खेळतात. पिसू एकदा आली, तर तिला हवे ते सगळे तिथे आहे.

म्हणून आशाताईंनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी पायाचा प्रत्येक फोड कुरूप समजून सोडू नये. काळा ठिपका पाहावा. सुईने किंवा बाभळीच्या काट्याने तो कोरू देऊ नये, कारण त्यातून धनुर्वात होऊ शकतो. डायमेथिकोन हे तेलासारखे औषध फोडावर लावले की पिसू आतच मरते. मुक्कामाला पक्की जमीन आणि मुलांच्या पायात चपला मिळणे, हा मात्र औषधाच्याही आधीचा उपाय आहे.