बालवर्गात जाण्यापूर्वी : घरच्या घरी करावयाची तयारी

दरवर्षी जून महिना जवळ आला की छत्रपती संभाजीनगरातील अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : आपले मूल बालवर्गात जाण्यास तयार झाले आहे काय? या प्रश्नाच्या काळजीपोटी बहुतेक पालक प्रथम पाटी-पेन्सिल आणतात. तीन वर्षांच्या बालकाकडून अक्षरे गिरवून घेतली जातात, शंभरपर्यंत अंक पाठ करवून घेतले जातात. बालक कंटाळते, रडते आणि शाळा सुरू होण्याआधीच पाटी त्याला नकोशी होऊन बसते. याउलट, स्वतः फारसे शिक्षण न घेतलेल्या अनेक माता "आम्हाला काय शिकवता येणार?" असे म्हणून हे काम पूर्णपणे शाळेवर सोपवितात. या दोन्ही समजुतींमुळे मुलांचे नुकसान होते. या वयातील खरी तयारी कोणती आणि ती रोजच्या घरकामातून कशी साधता येते, याची माहिती पालकांच्या हाताशी असावी, हा या लेखाचा हेतू आहे.

तयारी म्हणजे काय?

महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर रोजी बालकाची ३ वर्षे, तर इयत्ता पहिलीसाठी ६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजेच पहिलीपूर्वी बालकाला तीन वर्षांचा अवधी मिळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा एकच 'पायाभूत स्तर' मानला असून त्यात खेळ, संवाद आणि कृती यांना प्रमुख स्थान दिले आहे. लेखन-वाचन हे या स्तराच्या अखेरीस साध्य करावयाचे आहे. सुरुवातीला ते अपेक्षित नाही.

हा विचार नवा नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये दिलेल्या अहवालात बालवर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात, तसेच कोवळ्या वयात औपचारिक लेखन-वाचन व अंकगणित लादू नये, अशी शिफारस केली होती. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने शाळाप्रवेशाच्या वेळी बालकाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली.

बालवर्गात पाऊल ठेवणाऱ्या बालकाला पुढील गोष्टी साधारणपणे जमू लागल्या, तर त्याची तयारी उत्तम आहे असे समजावे : आपली गरज शब्दांत सांगणे, लहानशी गोष्ट शांतपणे ऐकणे, हातांनी बारीक कामे करणे, वस्तूंची तुलना व वर्गवारी करणे, स्वतःची लहान कामे स्वतः उरकणे आणि आईवडिलांपासून काही काळ दूर राहणे.

महाराष्ट्राची परंपरा

फ्रेडरिक फ्रोबेल यांनी जर्मनीत १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था सुरू केली व पुढे तिला 'किंडरगार्टन', म्हणजे 'मुलांची बाग', असे नाव दिले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या श्रमिक वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. हे विचार आपल्या मातीत रुजविण्याचे श्रेय गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना जाते. गिजुभाई व ताराबाई यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण भागातील कार्यास प्रारंभ केला. अनुताई तेथे त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी विस्तारले.

महागडी परदेशी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने, माती अशा सभोवतालच्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधने बनविले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' या शब्दामागे ही कल्पना आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविल्या. आजच्या पालकांनी त्यांच्या कार्यातून घ्यावयाचा धडा सरळ आहे : शिकण्याचे साहित्य घरात आणि अंगणात आधीच उपलब्ध आहे.

घरी करावयाच्या कृती

१. बोलणे व ऐकणे. भाषा ही सर्व शिक्षणाची पायाभरणी होय. गुलमंडी वा शहागंजच्या बाजारात जाताना बालकाला भाज्यांची नावे, रंग, चव यांविषयी बोलते करावे. "आज आपण काय आणले?", "आधी काय केले, नंतर काय केले?" असे प्रश्न विचारावेत व उत्तरासाठी थोडे थांबावे. रोज एक गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबून "आता पुढे काय होईल?" असे विचारावे. शब्दांतील ध्वनींचे खेळ पुढील वाचनासाठी फार उपयुक्त ठरतात. 'पाणी' म्हणताना दोन टाळ्या, 'भाकरी' म्हणताना तीन टाळ्या वाजवाव्यात. 'क'ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधाव्यात : कप, कणीक, कपाट. या खेळांना पुस्तक लागत नाही.

अनेक कुटुंबांत मूल इंग्रजी माध्यमात जाणार म्हणून घरातही तुटक इंग्रजीत बोलण्याचा प्रयत्न होतो. तसे करण्याची गरज नाही. घरच्या भाषेत विपुल शब्दसंपत्ती व स्पष्ट विचार लाभलेले बालक दुसरी भाषा अधिक सहजतेने शिकते. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, असे २०२० चे धोरणही सुचविते.

२. हातांची कामे. लेखनासाठी बोटांत बळ व नियंत्रण हवे असते. या वयात मनगटातील हाडांची घडण पूर्ण झालेली नसते. त्यामुळे पेन्सिलीचा आग्रह धरल्यास हात दुखतो. पोळ्या करताना कणकेचा गोळा बालकाच्या हाती द्यावा. हिवाळ्यात मराठवाड्याच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्या सोलण्यास बसवावे. कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतणे, जुना कागद फाडून चिकटविणे, मोठे मणी ओवणे ही सर्व लेखनाचीच पूर्वतयारी आहे. त्यानंतर हवेत बोट फिरविणे, ताटात पसरलेल्या रव्यात रेघा काढणे, फरशीवर खडूने गोल काढणे आणि सर्वांत शेवटी पेन्सिल, असा क्रम ठेवावा. बालक डाव्या हाताने काम करीत असेल, तर त्यास उजवा हात वापरण्याची सक्ती करू नये.

३. संख्येची जाण. शंभरपर्यंत धडाधडा म्हणणारे बालक "पाच चमचे आण" म्हटल्यावर पुष्कळदा गोंधळते, कारण पाठांतर आणि मोजणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जेवणाच्या वेळी "घरात किती माणसे? मग किती ताटे?" असे विचारून प्रत्येकासमोर एक ताट ठेवण्यास सांगावे. हरभरा, राजमा व मोठे वाटाणे मिसळून ते वेगळे करावयास द्यावेत. लहान-मोठे, जड-हलके, कमी-अधिक यांची तुलना घरातील डब्यांवरून करावी. रांगोळीत लाल-पिवळा-लाल-पिवळा असा क्रम मांडून "आता कोणता रंग?" असे विचारावे. आपल्या शहराच्या हिमरू वस्त्रावर तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते; ती शोधणे हाही गणिताचाच खेळ आहे.

मराठी संख्यानामे वीसच्या पुढे लहानग्यांना कठीण जातात, हेही ध्यानात घ्यावे. 'एकोणतीस' म्हणताना अंक वीसचा असतो, पण नाव तिसाचे ऐकू येते. ही अडचण ओळखूनच बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी सुलभ वाचनपद्धती रूढ नावांच्या जोडीने आणली आणि त्यावर राज्यभर मोठी चर्चा झाली. दुसरीच्या मुलांसाठी जर इतका विचार करावा लागतो, तर बालवर्गापूर्वी दहापर्यंतची खरी मोजणी पुरेशी आहे.

४. स्वावलंबन. चप्पल घालणे, बटण लावणे, डबा उघडणे, हात धुणे, शौचास जावयाचे असल्यास सांगणे, आपले व आईवडिलांचे नाव सांगणे, या गोष्टी बालकास वर्गात सर्वाधिक उपयोगी पडतात. त्या शिकविताना वेळ लागतो, म्हणून घाईत आपणच सर्व उरकू नये. शाळा सुरू होण्यापूर्वी काही दिवस आत्या, मावशी किंवा विश्वासू शेजारी यांच्याकडे अर्धा तास ठेवून पाहावे. निघताना बालकाची नजर चुकवून जाऊ नये; "मी परत येणार आहे" असे सांगून जावे आणि वेळेवर परत यावे.

५. मोकळे खेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या बालकास दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी. पडद्यासमोरचा वेळ एका तासाहून अधिक नसावा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर अंगणात, गच्चीवर अथवा सिद्धार्थ उद्यानासारख्या ठिकाणी धावणे, लंगडी, उड्या, चेंडू झेलणे असे खेळ घ्यावेत.

न शिकलेल्या आईचे स्थान

करोनाकाळात अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या आणि असंख्य मुले कोणत्याही पूर्वतयारीविना पहिलीच्या उंबरठ्यावर आली. या पार्श्वभूमीवर राज्यात २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान राबविण्यात आले. शाळेत एक मेळावा, त्यानंतर उन्हाळ्यात वस्तीतील मातांच्या गटांनी घरी घ्यावयाच्या कृती आणि शाळा सुरू होताना दुसरा मेळावा, अशी त्याची रचना होती. हे अभियान पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी असले, तरी त्यामागील विश्वास सर्वच पालकांसाठी मोलाचा आहे : वर दिलेल्या कृती करण्यास आईला अक्षरओळख असलीच पाहिजे असे नाही. तिच्याकडे भाषा आहे, गोष्टी आहेत आणि कामाची समज आहे. धर्मग्रामातील पाच-सहा मातांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून "या आठवड्यात मुलांसोबत काय केले?" एवढे जरी एकमेकींना सांगितले, तरी पुष्कळ काम होईल. यात वडिलांनी व आजी-आजोबांनीही सहभागी व्हावे.

काही दक्षता

- एका जागी बसून करावयाची कृती दहा-पंधरा मिनिटांहून अधिक लांबवू नये. बालकाची इच्छा शिल्लक असतानाच थांबावे.
- मणी, कडधान्ये, शेंगदाणे नाकात वा घशात अडकू शकतात. अशा वेळी मोठ्या व्यक्तीने समोर बसूनच राहावे. तोंडात वस्तू घालण्याची सवय असलेल्या बालकास ही साधने देऊ नयेत.
- भावंडांशी वा शेजारच्या मुलांशी तुलना करू नये. प्रत्येक बालकाची गती निराळी असते.
- पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" असा आग्रह धरू नये.
- तीन वर्षे पूर्ण होऊनही बालक छोटी वाक्ये बोलत नसेल, हाक मारल्यावर प्रतिसाद देत नसेल, अथवा पूर्वी येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर वाट पाहत न बसता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीतील मुलांची विनामूल्य तपासणी होते. त्याविषयी अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी.

खाजगी बालवर्गाचे शुल्क परवडत नसल्यास खंत बाळगू नये. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण विनामूल्य मिळते. मूल खाजगी बालवर्गात जावो वा अंगणवाडीत, त्याचा दिवसाचा मोठा भाग घरीच जातो. पालकांनी आजच्या स्वयंपाकाच्या वेळी कणकेचा एक लहान गोळा आपल्या बालकाच्या हाती द्यावा, त्याच्याशी बोलावे आणि ते काय सांगते ते ऐकावे. तयारीचा आरंभ तेथूनच होतो.