अंगठ्याचा इतिहास

मराठीत अंगठ्याचे दोन प्रयोग रूढ आहेत. अंगठा लावणे म्हणजे कबूल होणे आणि अंगठा दाखवणे म्हणजे साफ नाकारणे. कामकरी माणसाच्या ठशाचा सारा इतिहास मला या दोन वाक्प्रचारांत दिसतो.

१८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या साहेबाने रस्त्याच्या खडीसाठी राज्यधर कोनाई याच्याशी करार केला. कोनाईची सही होतीच. पण उद्या त्याने ती नाकारू नये म्हणून साहेबाने त्याच्या तळव्याला शाई फासून कागदामागे ठसा उमटवला. या ठशाच्या मुळाशी निरक्षरता नव्हती, अविश्वास होता!

१९०६ साली ट्रान्सवाल सरकारने तिथल्या हिंदी लोकांवर बोटांच्या ठशांसह नोंदणीची सक्ती आणली. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहात सुमारे तीन हजार माणसांनी ती न मानण्याची शपथ घेतली. पुढे १९०८ मध्ये तडजोड झाली, तेव्हा गांधीजींनी स्वखुशीने दहा बोटांचे ठसे दिले. कायदा रद्द होत नाही असे दिसताच त्याच ऑगस्टमध्ये दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. बोटे तीच होती. भांडण संमतीचे होते.

आज शाई गेली, यंत्र आले. आमच्या कोनचा माणूस पनवेलच्या कारखान्यात असो वा मुंबईच्या कचेरीत, हजेरीला बोट टेकवतो. किल्ली चोरीला गेली तर कुलूप बदलता येते. बोट कसे बदलावे?

अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००८ साली कायदा केला : ठसा कशासाठी, किती काळ ठेवणार हे लेखी सांगा आणि लेखी संमती घ्या. त्याआधारे ४५ हजारांहून अधिक मालमोटारचालकांच्या वतीने बीएनएसएफ रेल्वेविरुद्ध एकच दावा चालला. २०२२ मध्ये ज्यूरीने चालकांच्या बाजूने कौल दिला. अखेर साडेसात कोटी डॉलरांवर तडजोड झाली. एकट्याचा दावा वकिलाच्या फीलाही पुरला नसता.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र २०२३ च्या विदासंरक्षण कायद्याने नोकरीच्या कामासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे. आणि दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जायचा, कामगाराच्या हाती नाही.

तरीही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, समान हित असलेल्या अनेकांच्या वतीने न्यायालयाच्या परवानगीने एकाने दावा लावण्याची सोय आहेच. पण त्यासाठी आधी शेजारच्या कामगाराशी बोलावे लागते. एका अंगठ्याने फार तर ठसा उमटतो. मूठ वळायला पाचही बोटे लागतात.