गालिच्याची पाठ

घरांत गालिचा घालतांना रंग, वेलबुट्टी व माप हीं तिन्ही पाहतात. पाठ कोणी पाहत नाहीं. ती अस्सल कागदाइतकी मोलाची असूं शकते, हें दाखविण्यासाठीं हें टिपण.

पुरंदरच्या तहामुळें (१६६५) आपणांस परिचित असलेला आंबेरचा मिर्झा राजा जयसिंह (राज्यकाल १६२१-१६६७) ह्याच्या काळचे अनेक गालिचे पुढें जयपुरास गेले. त्यांपैकीं कित्येकांच्या पाठीस कोठारांतील नोंदीच्या चिठ्ठ्या शिवलेल्या आढळल्या. त्यांत गालिच्याचें माप व नोंदीची मिति दिलेली असते. ही मिति विणकामाची नव्हे. गालिचा तिच्यानंतरचा नाहीं, एवढेंच तीवरून सिद्ध होतें. परंतु कालनिर्णयास तेवढा आधारही थोडा नव्हे.

ह्या संग्रहांतील कांहीं गालिच्यांच्या कडा सरळ नसून वळणदार आहेत. ते ठराविक आसन वा जागा मापून मुद्दाम विणविले असावेत, असें आम्हांस वाटतें. तेथें जागेप्रमाणें गालिचा विणला जाई. पुढील काळांत जुना गालिचाच कापला जाऊं लागला. लंडनच्या संग्रहालयानें १८९३ त घेतलेल्या अर्दबीलच्या गालिच्यावर हिजरी ९४६ (इ. स. १५३९-४०) हें साल विणलेलें आहे, त्याच्या दुरुस्तीसाठीं जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे तुकडे वापरण्यांत आले.

तरी संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, जुना गालिचा खोलीच्या मापानें कापण्यापूर्वीं अथवा त्यास नवें अस्तर लावण्यापूर्वीं तो एकदां उलटून पाहावा, आणि चिठ्ठी असल्यास तिची अक्षरशः नक्कल करून ती जागच्या जागीं राहूं द्यावी.