शुभवर्तमानाचे दैनंदिन मनन आणि ख्रिस्तानुसरण

पवित्र मिस्साबलिदानात शुभवर्तमान वाचले जाण्यापूर्वी आपण उभे राहतो आणि अंगठ्याने कपाळ, ओठ व छाती यांवर क्रुसाची लहान खूण करतो. प्रभूचे वचन बुद्धीने समजावे, मुखाने सांगावे आणि अंतःकरणात जतन करावे, असा या तीन खुणांचा आशय आहे. त्यानंतर वाचन होते, प्रवचन होते, मिस्साबलिदान पूर्ण होते. सोमवारी मात्र आदल्या दिवशीचे शुभवर्तमान कोणते होते असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी अनेकांना क्षणभर थांबावे लागते. ख्रिस्ताच्या मागे चालायचे तर तो काय म्हणाला, कोणाच्या घरी जेवला, कोणाला थांबून हात लावला, हे पुन्हा पुन्हा ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. हे ऐकणे रोजच्या जीवनात मुरावे म्हणून ख्रिस्तसभेने एक रीत शतकानुशतके जपली आहे. लॅटिन भाषेत तिला ‘लेक्सिओ दिविना’ म्हणतात. मराठीत आपण तिला ‘पवित्र वाचन’ म्हणू या.

शुभवर्तमानाचे एखादे वचन माणसाचे जीवन किती बदलू शकते, याची साक्ष संतचरित्रे देतात. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये अंतोनी नावाचा एक तरुण होता. (आपल्याकडे घरोघरी परिचित असलेले पादुआचे संत अंतोनी हे नव्हेत, ते पुढे सुमारे हजार वर्षांनी होऊन गेले.) आईवडिलांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांनी तो चर्चमध्ये गेला असता संत मत्तयच्या १९ व्या अध्यायातील श्रीमंत तरुणाचा उतारा वाचला जात होता. आपल्याजवळचे विकून गोरगरिबांना द्यावे, हे प्रभूचे सांगणे अंतोनीने स्वतःला उद्देशूनच आहे असे मानले आणि वडिलोपार्जित शेतजमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. ही हकिकत संत अथनासियस यांनी त्याच्या चरित्रात नोंदवली आहे. इ. स. १२०८ च्या सुमारास असिसीचे संत फ्रान्सिस यांनीही शिष्यांना प्रेषितकार्यासाठी पाठवण्याचा उतारा मिस्सामध्ये ऐकला आणि पायांतली पादत्राणे व हातातली काठी टाकून दिली. या दोघांनी ऐकलेली वचने आपणही ऐकली आहेत, एकदा नव्हे तर अनेकदा. फरक एवढाच की, हे शब्द दुसऱ्या कोणासाठी आहेत असे त्यांना वाटले नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ४८ व्या प्रकरणात अंगमेहनतीच्या कामाबरोबरच पवित्र वाचनासाठी दिवसातले ठरावीक तास राखून ठेवले आहेत. त्या काळी वाचन म्हणजे ओठ हलवून, हलक्या आवाजात, एकेक शब्द घोळवत केलेले वाचन असे. पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधील ग्रांद शार्त्र्यूझ या कार्थुसियन मठाचे प्रमुख दुसरे गीगो यांनी एका छोट्या ग्रंथात या साधनेला शिडीची उपमा दिली आणि तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि समाधिचिंतन. त्यांनी योजलेला दृष्टांत जेवणाचा आहे. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव लागते आणि समाधिचिंतनात त्या गोडीचा आनंद लाभतो. वाचनावाचून केलेले मनन भरकटते आणि मननावाचून केलेले वाचन कोरडे राहते, असेही त्यांनी बजावले आहे. आम्हांला ही सूचना आजच्या काळात विशेष मोलाची वाटते. सकाळी मोबाइलवर आलेले वचन वाचून ते पुढे दहा जणांना पाठवणे म्हणजे घास न चावताच ताट दुसऱ्याकडे सरकवणे होय.

प्रत्यक्षात हे कसे करावे, हे एका उताऱ्यावरून पाहणे सोपे जाईल. डोंगरावरील प्रवचनात, संत मत्तयच्या ५ व्या अध्यायातील २३ आणि २४ या ओवींमध्ये, प्रभू वेदीवर दान आणणाऱ्या माणसाविषयी बोलतो. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे त्या माणसाला वेदीपाशी आठवले, तर त्याने दान तिथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग परत येऊन दान अर्पण करावे, असे प्रभू सांगतो.

पहिली पायरी वाचनाची. उतारा दोनदा किंवा तीनदा, शक्यतो मोठ्याने वाचावा आणि मजकुरात खरोखर काय लिहिले आहे तेवढेच पाहावे. इथे सावकाश वाचणाऱ्याच्या लक्षात येते की, ‘तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर’ असे प्रभूने म्हटलेले नाही. भावाच्या मनात काही आहे, असे म्हटले आहे. चूक कोणाची, हा प्रश्न इथे विचारलेलाच नाही. दुसरी गोष्ट अंतराची. प्रभूचे श्रोते गालीलचे होते आणि अर्पणाची वेदी यरुशलेमच्या मंदिरात होती. म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरची, काही दिवसांची पायवाट. एवढे चालून आलेल्या माणसाने दान वेदीपाशी ठेवून गावी परतायचे, भावाला भेटायचे आणि पुन्हा तेवढेच चालून यायचे! श्रोत्यांना हे ऐकून धक्काच बसला असेल. प्रभूला बहुधा तोच अभिप्रेत होता.

दुसरी पायरी मननाची. आता हे वचन आपल्या घरात आणावे. आपल्या किती कुटुंबांत सातबाऱ्यावरील नावावरून, घराच्या वाटणीवरून, बांधावरच्या एखाद्या झाडावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत! एकाच चर्चमध्ये एक उजवीकडच्या बाकावर बसतो, दुसरा डावीकडच्या; दोघेही एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. बहिणीने हक्कसोड पत्रावर सही केली, पण तिला काय वाटले हे कोणी विचारले नाही, असेही घडते. मननात अशी नावे आणि असे चेहरे डोळ्यांसमोर येऊ लागले म्हणजे वाचन योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.

त्यानंतर प्रार्थना. ती सुंदर शब्दांत असण्याची गरज नाही. ‘प्रभो, मला त्याच्या दारात जायची लाज वाटते’ ही प्रामाणिक प्रार्थना आहे. ‘मला अजून राग आहे’ हीसुद्धा. चौथ्या पायरीवर आपण बोलणे थांबवतो आणि प्रभूच्या सहवासात काही वेळ स्वस्थ राहतो. येथे काही अनुभव यावा असा आग्रह धरू नये. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘व्हर्बुम डोमिनी’ या पत्रात या पायऱ्यांचे विवेचन करून पुढे म्हटले आहे की, जोपर्यंत पवित्र वाचन कृतीपर्यंत पोहोचत नाही आणि जीवन इतरांसाठी दान होत नाही, तोपर्यंत ते पूर्ण होत नाही. आपल्या उदाहरणात ही कृती लहानशीच असेल : एक फोन, नाताळच्या कुसवारातील एक ताट, आजारी वहिनीची विचारपूस. समोरून दार उघडले जाईलच याची हमी शुभवर्तमान देत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या घरात मारहाण वा छळ होतो, तिथे पीडित व्यक्तीने समेटाच्या नावाखाली मुकाट्याने परत जावे, असा या वचनाचा अर्थ लावणे अन्यायाचे आहे.

या वचनाचा आपल्या उपासनेशीही संबंध आहे. मिलान येथील अँब्रोसियन विधीत शांतीची खूण अर्पणविधीच्या आधीच दिली जाते; आधी समेट, मग दान, हा प्रभूने सांगितलेला क्रम तिथे दिसतो. आपल्या रोमन विधीत ती ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी येते. शेजारच्याकडे पाहून हात जोडण्याच्या त्या क्षणी डावीकडच्या बाकावरचा भाऊ आठवला, तर ती खूण निव्वळ रिवाज उरत नाही.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी शिकवलेली पद्धत थोडी वेगळी आहे. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत पाय जायबंदी झाल्यावर अंथरुणावर पडून त्यांनी ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचली. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. शुभवर्तमानातील प्रसंगात कल्पनेने उभे राहावे, लोक कोण आहेत ते पाहावे, ते काय बोलतात ते ऐकावे, असे ते सुचवतात. ज्यांना शब्दांपेक्षा दृश्य लवकर भावते, त्यांना ही पद्धत मानवते. त्यांनी सांगितलेले दिवसाचे आत्मपरीक्षणही पवित्र वाचनाला पूरक आहे : रात्री दिवसाकडे वळून पाहावे, कशाबद्दल आभार मानायचे, कुठे घसरलो आणि उद्या काय सुधारायचे, ते प्रभूसमोर मांडावे. सकाळचे वचन रात्री अशा रीतीने पुन्हा भेटते.

रोज कोणता उतारा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने दिलेलेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली नवे वाचनपुस्तक आले आणि रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात विभागली गेली. अ वर्षी मुख्यतः संत मत्तय, ब वर्षी संत मार्क, क वर्षी संत लूक. संत योहानचे शुभवर्तमान विशेषतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात, आणि ब वर्षी त्याचा सहावा अध्याय सलग पाच रविवारी. ज्या सनाला ३ ने पूर्ण भाग जातो ते क वर्ष असते. मात्र उपासनावर्ष आदल्या वर्षीच्या आगमनकाळापासून सुरू होते, हे ध्यानात ठेवावे. सामान्य काळातील इतर दिवशी मार्क, मत्तय आणि लूक हाच क्रम दरवर्षी असतो. हा क्रम पाळण्याचा लाभ असा की, आवडीची वचने तेवढी निवडण्याची मुभा आपल्याला राहत नाही. वर नमूद केलेला समेटाचा उतारा उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी येतोच, आपल्याला तो हवा असो वा नसो.

परिषदेच्या १८ नोव्हेंबर १९६५ च्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना बायबलच्या नित्य आणि प्रार्थनापूर्वक वाचनाचे आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार ‘देवशब्दाचा रविवार’ म्हणून जाहीर केला. मराठी भाषकांना हा वारसा परका नाही. १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने येशूचे चरित्र ओवीच्या रूपात लोकांच्या ओठांवर ठेवले. अलीकडच्या काळात दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार लाभला. आपल्या भाषेत वचन उपलब्ध नाही, अशी सबब आता कोणालाही सांगता येणार नाही.

काही धोकेही आहेत. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि ज्या ओळीवर बोट पडेल तो आपल्यासाठी संदेश मानायचा, ही सवय शकुन पाहण्यासारखी आहे. वचन वाचताना ‘हे अमक्याने ऐकायला हवे होते’ असे वारंवार वाटू लागले, तर आपण मनन सोडून न्यायनिवाडा करू लागलो आहोत. आणि अनेक दिवस काहीच जाणवले नाही, तरी वाचन सोडू नये. रोजचे जेवण काय होते हे आपल्याला आठवत नाही, पण शरीर त्यावरच चालते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी संत मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. चारांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे, आणि सलग मोठ्याने वाचल्यास साधारण दोन तासांत पूर्ण होते. ज्या घरात रात्री रोझरी म्हटली जाते, तिथे शनिवारी त्यानंतर दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान एकाने वाचावे, दोन मिनिटे शांत बसावे आणि कोणाला कोणता शब्द भावला ते लहान मुलांपासून सुरुवात करून सांगावे. मोठ्यांनी त्या वेळी मुलांना दुरुस्त करण्याचा मोह आवरावा.